संकल्प : वेळेचा आणि ठिकाणाचा

(पंचायत समितीच्या सभागृहात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गात आपण योजना, नियम आणि अंदाजपत्रके यांविषयी पुष्कळ ऐकले आहे. मला सांगावयाचे आहे ते यांहून लहान आहे. सकाळी कामास बसताना आपण मनाशी काय ठरवितो, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या मुदतीसंबंधीचे टिपण प्रसिद्धीसाठी माझ्या मेजावर आले. ते आजच वृत्तपत्रांकडे पाठवावयाचे, असे मी मनाशी म्हटले. त्या आठवड्यात दौरे होते, दूरध्वनी अखंड वाजत होता. टिपण ढिगाच्या तळाशी गेले. वृत्त छापून आले तेव्हा मुदतीस अवघे दोन दिवस उरले होते. पुढील आठवड्यात एक शेतकरी वृत्तपत्राचे कात्रण हातात घेऊन कार्यालयात आले. "साहेब, बातमी वाचली त्याच दिवशी दाखल्यासाठी निघालो. दाखला मिळाला, पण मुदत गेली," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. ते माझ्यावर रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

माझा हेतू वाईट नव्हता. परंतु त्या हेतूला वेळ नव्हती आणि ठिकाण नव्हते.

आपल्याकडे पूजेच्या आरंभी संकल्प सोडण्याची रीत आहे. त्या वेळी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा उच्चार होतो. आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहोत, तेही सांगितले जाते. मग यजमानाचे नाव व गोत्र, करावयाचे कर्म, आणि शेवटी पळीभर पाणी ताम्हनात सोडावयाचे. पूजेवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, या रचनेतील व्यवहारज्ञान ध्यानात घेण्यासारखे आहे. कोण, कोठे, केव्हा आणि काय करणार, हे उघडपणे बोलल्यावाचून संकल्प पुरा होत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोट दाखविते. पीटर गोलविट्झर व व्हेरोनिका ब्रँडस्टेटर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत, ठराविक ४८ तासांच्या आत, एक वृत्तांत लिहून पाठवावयाचा होता. तो केव्हा व कोठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतले होते, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी काम वेळेत पुरे केले. इतरांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनाच ते जमले. काम तेच होते. फरक होता तो फक्त आधी ठरविण्याचा.

महात्मा गांधी १९३० मध्ये येरवडा कारागृहात असताना आश्रमवासीयांना व्रतांविषयी दर आठवड्यास पत्रे लिहीत. 'मंगल प्रभात' हे पुस्तक त्या पत्रांचेच होय. 'शक्य तितके करीन' असे म्हणणाऱ्याने आपली पळवाट आधीच करून ठेवलेली असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आपल्या कार्यालयांत 'यथावकाश' हा शब्द किती वेळा लिहिला जातो, याचा या संदर्भात प्रत्येकाने विचार करावा.

शासनाने मर्यादा घालून दिलेल्या आहेतच. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला ठरलेल्या कालमर्यादेत सेवा मिळण्याचा हक्क दिला. परंतु कायदा अखेरचा दिवस सांगतो. पहिला दिवस आपणांस ठरवावा लागतो.

त्या प्रसंगानंतर मी एकच संकल्प केला : सकाळी खुर्चीवर बसलो की, दूरध्वनीला हात लावण्यापूर्वी, ज्या कागदाला मुदत आहे तो प्रथम हाती घ्यावयाचा. हा नियम माझ्याकडून अनेकदा मोडला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि मोडलेला नियम दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येतो. लंडनमधील ९६ व्यक्तींच्या सवयींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, कोणास १८ तर कोणास २५० हून अधिक, असे त्यात दिसून आले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यातून आढळले.

शिक्षक बंधुभगिनींनी 'मागे पडलेल्या मुलांकडे लक्ष देईन' असे म्हणण्याऐवजी, 'हजेरी घेतल्यावर शेवटच्या रांगेतील एका मुलाचे वाचन रोज ऐकेन' असे ठरवावे. पंचायत सदस्यांनी आपल्या ठरावांची भाषा तपासावी. 'गावास शुद्ध पाणी देण्याचे ठरले' हा ठराव कागदावर शोभतो. 'रोज नळाला पाणी सोडण्यापूर्वी टाकीत टी.सी.एल. पावडर टाकावी, अमुक कर्मचारी ती टाकील, आणि अमुक सदस्य दर सोमवारी नोंदवही पाहील,' हा ठराव अतिसार टाळण्यास उपयोगी पडतो. अन्यथा चांगल्या हेतूवरच पाणी सोडण्याची पाळी येते.

घरालाही हेच लागू आहे. ताटावर बसल्यावर भ्रमणध्वनी दूर ठेवावयाचा, एवढे ठरविले तरी मुलांशी बोलणे होते.

कर्मचारी अपुरे आहेत, कामे वाढली आहेत, या अडचणी खऱ्या आहेत. संकल्पाने त्या नाहीशा होत नाहीत. परंतु हाती असलेल्या वेळेतून प्रथम काय उचलावयाचे, ही निवड बहुधा आपलीच असते. आणि आपल्या त्या लहानशा निवडीवर कोणाचे तरी एक वर्ष अवलंबून असते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, येथून जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहीत एकच वाक्य लिहावे. त्यात वेळ असावी, ठिकाण असावे, आणि करावयाचे एकच काम असावे. ते वाक्य उद्या सकाळी मेजावर समोर ठेवून कामास आरंभ करावा.