दाढ काढण्यापूर्वीची सुई



दाढ ठणकू लागली की आपण लवंग धरतो, मिठाच्या गुळण्या करतो आणि गाल सुजेपर्यंत दिवस काढतो. दंतवैद्याकडे जायला पाय घेत नाहीत, ते सुईच्या भीतीने. त्यात शेजारचे कुणीतरी सांगतेच, "वरची दाढ काढली की नजर जाते हो!" ही समजूत खोटी आहे. दातांचे मज्जातंतू वेगळे, दृष्टीचा वेगळा.

मी स्वतः दोनदा त्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदा वरची दाढ होती. डॉक्टरांनी दाढेलगत हिरडीत एक सुई टोचली, दुसरी टाळूकडून. टाळूची जरा झोंबली, एवढेच. दुसऱ्या वेळी खालची दाढ. आता सुई गेली पार मागे, आणि थोड्याच वेळात अर्धा ओठ जड झाला. मनात आले, डॉक्टर चुकले! अज्ञान माझेच होते.

आपली शेतीच पाहा ना. मुरमाड जमिनीत पाणी चटकन मुरते, कातळावरून वाहून जाते. वरच्या जबड्याचे हाड पातळ, सच्छिद्र. दाढेजवळ सोडलेले औषध मुळाच्या टोकापर्यंत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड घट्ट. तिथे ते पुरेसे झिरपत नाही. मग काय करायचे? वाफ्यात पाणी नको असेल, तर आपण पाटाचे दार वरच बंद करतो. तसेच, मज्जातंतू जबड्याच्या हाडात शिरतो त्याच्या अलीकडेच डॉक्टर औषध सोडतात. त्या बाजूचे खालचे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो. गालाकडच्या हिरडीसाठी आणखी एक सुई लागते, कारण तिचा तंतू निराळा.

तिसरी रीत म्हणजे दात आणि हाड यांच्या फटीत थोडेसे औषध दाबून भरणे. तेवढाच दात चटकन बधिर होतो, ओठ मोकळा राहतो; पण परिणाम फार वेळ टिकत नाही. पहिली सुई अपुरी पडली, तर ही पुष्कळदा मदतीला येते.

१८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, तेव्हापासून ही विद्या वाढली. कोकेनचे व्यसन लागे. आज बहुधा लिग्नोकेन वापरतात. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. त्यात बहुधा थोडे अॅड्रिनलिन असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर जास्त वेळ टिकते. म्हणून हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण, चालू असलेली औषधे, पूर्वी एखाद्या औषधाचा झालेला त्रास, हे सारे सुईआधीच सांगावे.

आणखी एक. दाढ हलवताना दाब जाणवतो, तो जाणवणारच. पण कळ आली, तर दात-ओठ खाऊन सोसू नका. हात वर करा. पू झालेल्या जागी औषध कमी चालते, डॉक्टर आणखी उपाय करतील. ओठ दोन-तीन तास जड राहील; तोवर गरम चहा नको, आणि मुलांना ओठ चावू देऊ नका.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे वर्गात सांगितले, तर पुष्कळ घरांतले ठणके वेळेवर थांबतील.