पावसाचे पाणी कुणाचे?
(शाखेच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



फेडरेशनच्या बैठकीसाठी आम्ही चौघे चेन्नईला गेलो होतो. मुक्काम मैलापूरला होता. बैठकीचा अहवाल आपल्याला मिळालाच आहे, म्हणून आज दुसऱ्याच विषयावर बोलतो. गटारांवर. हसू नका, विषय आपल्या पगाराइतकाच जवळचा आहे.

मैलापूरचे स्टेशन, तिरुमयिलै, 1997 साली सुरू झाले. गाडी खांबांवरून जाते आणि खाली बकिंगहॅम कालवा आहे. या कालव्याचा शहरातला अड्यार ते कूवम हा तुकडा 1877-78 च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या मजुरांनी खोदला. पुढे रेल्वेने उन्नत मार्ग बांधला तेव्हा जमीन घ्यावी लागू नये म्हणून खांब आणि स्टेशने कालव्याच्या पात्रातच उभी केली. पात्र अरुंद झाले, पावसाच्या पाण्याची वाट अडली. 1 आणि 2 डिसेंबर 2015 ला चेन्नई बुडाली. त्याचा सगळा दोष या खांबांवर टाकणे खोटे ठरेल, कारण तलाव बुजवणारे आणि नदीकाठी इमले चढवणारे वेगळेच होते. पण त्यात रेल्वेचाही वाटा आहे, हे रेल्वे कामगारांनी मान्य केले पाहिजे.

आणि याच शहराला जुलै 2019 मध्ये जोलारपेट्टैहून पाण्याची गाडी न्यावी लागली! पहिल्या खेपेला पंचवीस लाख लिटर. 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी नेले, ते आपल्याला आठवत असेल. एका डिसेंबरात गळ्यापर्यंत पाणी, आणि चार वर्षांच्या आत प्यायला पाणी नाही.

कायदा तिथे नाही असे नाही. 2003 च्या वटहुकुमाने तामिळनाडूत जुन्या-नव्या सर्व इमारतींना छतावरचे पाणी जमिनीत मुरवणे सक्तीचे झाले. न केल्यास नळजोड तोडण्याची तरतूद होती. रचना साधी आहे. छताचा पाइप खड्ड्यात सोडायचा, खड्ड्यात खडी आणि वाळू, किंवा पाइप थेट जुन्या विहिरीकडे. पहिल्या सरीचे पाणी मात्र बाहेर काढायचे, कारण त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. समुद्राच्या बाजूला, सांथोमकडे, जमीन रेताड आहे, तिथे पाणी लवकर मुरते. ते मुरले नाही आणि उपसा चालूच राहिला, तर विहिरीत खारे पाणी शिरते.

आता आपल्या कामाचा मुद्दा. गटारे दोन प्रकारची. पावसाळी गटार महानगरपालिकेचे, ते प्रक्रियेशिवाय थेट कालव्यात आणि समुद्रात जाते. मलवाहिनी वेगळी, तिचे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. चेन्नईत मलवाहिनी मेट्रोवॉटर मंडळाकडे आहे. नियम एवढाच की एकाचे पाणी दुसऱ्यात सोडू नये. लोक दोन्हीकडून मोडतात. मैला पावसाळी गटारात सोडला की कालवा नासतो. छताचे पाणी मलवाहिनीत सोडले की ती भरून मॅनहोल उसळते. मग कुणाला तरी आत उतरवतात. कुणाला उतरवतात, ते आपण सर्व जाणतो. 2013 चा कायदा संरक्षणाशिवाय आत उतरवायला मनाई करतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. माणूस मात्र परत येत नाही.

आपल्या घरीही पाहू. आमच्या एका वसाहतीत मोरीचे पाणी पावसाळी गटारात सोडले आहे. ते प्रशासनाने केले नाही, आपल्याच सभासदांनी केले. मागच्या दाराने पाइप फोडून, रविवारी. आम्ही स्वतः दोन वर्षे ते पाहत होतो आणि मतांची भीती म्हणून बोललो नाही. ते गटार रुळाच्या कडेच्या नालीला मिळते. नाली तुंबली की खडीत पाणी साचते, ट्रॅक सर्किट बिघडते, सिग्नल लाल होतो. मग रात्री दोन वाजता पहारा करणारा आपलाच ट्रॅकमन त्या पाण्यात उभा. टपालवाल्या साथीचे तर विचारूच नका, पिशवी डोक्यावर धरून तो त्याच पाण्यातून वाटप करतो. रजिस्टर भिजले तर जबाब त्यालाच विचारतात.

शाखेने ठरवले आहे ते सांगतो. पुढच्या पीएनएममध्ये तीन मागण्या ठेवू. मे अखेर रुळाकडेच्या नाल्यांची सफाई पूर्ण व्हावी. ती यंत्राने व्हावी, ट्रॅकमनला मॅनहोलमध्ये उतरवू नये. वसाहतीच्या छतांचे पाणी मुरवण्यासाठी खड्डे काढावेत. त्याआधी आपल्याला चोरीचे जोड तोडावे लागतील, नाहीतर टेबलावर बसल्यावर साहेब पहिला प्रश्न तोच विचारील आणि आमच्याकडे उत्तर नसेल. म्हणून येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, पहारी घेऊन, बी टाइपच्या चाळीपासून सुरुवात आहे. पहिला जोड कार्यकारिणीतल्याच एका सभासदाचा आहे. त्यांना कळवले आहे. ते येणार आहेत.