मुलांच्या घरातला कुत्रा

आमच्या घरात गेले दोन महिने एकच विषय चालू आहे. माझ्या सात वर्षांच्या नातीला कुत्रा हवा आहे आणि तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मुलाला, तो मुळीच नको आहे. नात मला आजोबा म्हणत नाही, 'ताता' म्हणते. म्हैसूरच्या पाण्याचा हा गुण. "ताता, अप्पांना तुम्ही सांगा," असे म्हणून तिने या वादात मला पंच नेमले आहे. या खटल्यात मी पंच नसून आरोपी आहे, हे तिला ठाऊक नाही.

आम्ही राहतो ते सरस्वतीपुरम् कुक्करहळ्ळी तलावाच्या शेजारी आहे. कुक्कुर म्हणजे संस्कृतात कुत्रा, तेव्हा तलावाचे नावही आपल्याच बाजूचे आहे, असा पुरावा नातीच्या वतीने तिच्या आजीने मांडून पाहिला. नंतर मात्र आजीच फितूर झाली. दत्तगुरूंच्या तसबिरीतही चार कुत्रे आहेत, असे मी म्हटले तेव्हा ती म्हणाली, "ते चार वेद आहेत. वेद ओसरीवर घाण करीत नाहीत."

माझ्यावरील आरोप 1989 सालचा आहे. त्या वर्षी आम्ही एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून अल्सेशियनचे पिल्लू आणले. (या कुत्र्याचे मूळ नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन केले. 1977 साली इंग्लंडात त्याला त्याचे नाव परत मिळाले, आपल्याकडे जुनेच चालू राहिले.) पिल्लू अवघ्या पाच आठवड्यांचे होते. जितके लहान आणावे तितका लळा अधिक, अशी आमची समजूत होती. त्याचे नाव मोती ठेवले. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. शाळेतून आला की दप्तर न टाकता आधी मोतीच्या गळ्यात पडे. मोती मोठा झाला तसा दिवसभर आंब्याच्या झाडाला साखळीने बांधलेला राहू लागला, कारण त्याला फिरवून आणण्यास आम्हां कोणालाच वेळ नव्हता. कुत्रा मुलासाठी आणला होता ना, मग मुलगा पाहील! सहा वर्षांचा मुलगा!

मोती जेवताना कोणी जवळ गेले की गुरगुरे. हे मला उद्धटपणाचे वाटले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून प्रत्येक वेळी मी त्याला दोन फटके देत असे. महिनाभरात त्याचे गुरगुरणे बंद झाले. कुत्र्याला कसे वळण लावावे, याविषयी मी शेजाऱ्यांना चार शब्द सांगूही लागलो.

दिवाळीच्या सुटीत माझी बहीण बेळगावहून आली. तिचा मुलगा चार वर्षांचा. मोती जेवत होता, भाचा त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याने भांड्यात हात घातला. मोती गुरगुरला नाही. गुरगुरायचे नाही, हे मीच त्याला शिकविले होते. भाच्याच्या गालाला सात टाके पडले. मोतीची लस त्या वर्षी मी आज-उद्या करीत लांबविली होती, त्यामुळे त्या बालकाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. ती जुनी लस 2005 च्या सुमारास भारतातून हद्दपार झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचून काम भागते. पण ते चौदा दिवस माझ्या बहिणीने कसे काढले, ते मी पाहिले आहे. मोतीला आम्ही कोडगूकडील एका मळ्यावर देऊन टाकले. त्याला गाडीत चढविताना माझा मुलगा फाटकाशी उभा होता. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे, आणि कुत्र्याचा विषय निघाला की पानावरून उठून जातो.

तेव्हा 'मुलांच्या घरात कोणता कुत्रा आणावा' हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आलेला नाही. आणि हा प्रश्न निघाला की लोक पहिल्याप्रथम विचारतात ते 'जात कोणती?' एवढेच. आपल्याकडे इतर बाबतींतही हा प्रश्न पहिला असतो. 2003 साली दूरध्वनीच्या एका जाहिरातीत छोट्या मुलाच्या मागोमाग चालणारा एक पग कुत्रा दिसला आणि गावोगाव लोकांनी पग आणले. स्वभावाने तो प्राणी गरीब, पण चपट्या नाकामुळे आपल्या उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि मुलांबरोबर धावावे तर तो धापा टाकू लागतो. लॅब्रेडॉर मुलांना सांभाळून घेतो अशी ख्याती आहे, ती बरीचशी खरीही आहे. मात्र पहिली दोन वर्षे हा तीस किलोंचा आनंद घरभर उधळत असतो, आणि माझ्या धाकट्या नातवासारखे तीन वर्षांचे मूल त्याच्या शेपटीच्या तडाख्यानेही आडवे होते.

उलट काही जातींवर सरसकट शिक्का मारावा असेही लोकांना वाटते. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जातींवर बंदी घालावी म्हणून राज्यांना पत्र पाठविले. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. पिटबुलची शिफारस मी लहान मुलांच्या घरी करणार नाही. जबडाच असा आहे की एक चूक पुरते. पण जात सौम्य आहे एवढ्यावर विसंबून झोपी जाणेही तितकेच चुकीचे. अमेरिकेतील संशोधकांनी 18,000 हून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या मालकांकडून माहिती मिळवून, त्यांतील काहींचे जनुक तपासून, 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापला : एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्याहून निराळा का, याचे उत्तर जातीवरून जेमतेम 9 टक्के मिळते.

मग राहिलेले उत्तर कोठे आहे? काही रक्तात आहे, म्हणून शक्य असेल तर पिल्लापेक्षा त्याची आई पाहावी. परका माणूस जवळ आला असता ती भिऊन मागे सरते, अंगावर येते की शांतपणे हुंगून बसते, हे पाहण्यास अर्धा तास पुरतो. काही उत्तर पिल्लाच्या पहिल्या तीन महिन्यांत आहे. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे वाढवून 1965 साली ग्रंथ लिहिला. त्यांना असे आढळले की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते. या काळात ज्या माणसांचा, आवाजांचा, वासांचा परिचय होतो, ते त्याचे आप्त होतात. पुढे दार बंद होऊ लागते. याच काळात आई आणि भावंडे त्याला आणखी एक विद्या शिकवितात : दात किती रोवावेत. फार जोराने चावले की भावंड किंचाळते आणि खेळ मोडतो. आमच्या मोतीला आम्ही या शाळेतून पाचव्या आठवड्यात काढले होते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असा नियमच 2017 पासून आपल्या देशात झाला आहे. तरी पिल्लू विकत घेताना वय विचारणारे थोडे आणि रंग विचारणारे पुष्कळ.

आणि उत्तराचा फार मोठा भाग घरातल्या वडीलधाऱ्या माणसांत आहे. इंग्लंडातील लिंकन विद्यापीठात लहान मुलांना कुत्र्यांची चित्रे दाखवून पाहिली, तेव्हा दात विचकलेला कुत्रा हसतो आहे असे पुष्कळ मुलांनी सांगितले. माझा भाचाही तेच म्हणाला असता. मूल कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेते, म्हणून लहान मुलांना चावा बहुधा चेहऱ्यावर बसतो. आणि चावणारा कुत्रा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचाच असतो. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' असे आपण म्हणतो. ते खरे नाही. पण भुंकणारा, गुरगुरणारा कुत्रा निदान नोटीस तरी देतो. ती नोटीस फाडून टाकणाऱ्या माणसाच्या घरात कोणत्याही जातीचा कुत्रा सुरक्षित नाही. गुरगुरला तर मुलाला दूर घ्यावे, त्याला जेवण एका बाजूला द्यावे, निजलेला असेल तर मुलाने हात लावू नये, आणि पाच-सहा वर्षांखालील मूल व कुत्रा यांना मोठे माणूस जवळ नसताना एका खोलीत ठेवू नये, क्षणभरही नाही. हे सर्व करण्यास ज्या घरात कोणी मोकळे नाही, त्या घराने तूर्त मासे पाळावेत.

लसीचे तर बोलायलाच नको, तरी बोलतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि मग पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे दर वर्षी, तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून. संशयित कुत्रा चावलेल्या माणसांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चावा असो वा नखाचा ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरू नये. खेळताना दातच लागला, असे म्हणून मूल ही गोष्ट लपवून ठेवते. ते रागे भरण्याच्या भीतीने लपविते, हे आईवडिलांनी ध्यानात ठेवावे.

नातीचा हट्ट बाहेर फुटला तेव्हा बेळगावकडील एका स्नेह्यांनी मुधोळचे पिल्लू देऊ केले. माझे मन क्षणभर हलले. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1956 नंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. तेथील मालोजीराजे घोरपडे यांनी आश्रय दिलेला हा शिकारी कुत्रा. दख्खनमध्ये त्याला कारवान म्हणतात. उंच, सडपातळ, छाती खोल, पोट पाठीला लागलेले. उभा राहिला तरी धावतो आहे असे वाटावे. 2005 साली त्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर आले, पुढे 2016 साली लष्कराने चाचणीसाठी मुधोळची पिल्ले नेली. मराठी माणसाला या कुत्र्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण अभिमान ही कुत्रा निवडण्याची कसोटी नव्हे. कारवान नजरेने शिकार करतो. दूरवर काही हलले की त्याचे पाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत. त्याला शेत हवे, माळ हवा. घरच्या माणसांना तो धरून असतो, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. आणि आमच्या नातीच्या मैत्रिणी रोज सहाजणी येतात. आमच्या क्रॉसच्या दोन टोकांमध्ये त्याच्या चार उड्यांचेही अंतर नाही. स्नेह्यांना मी आभाराचे पत्र लिहिले.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती अद्याप नातीला सांगितलेली नाही. आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची गाडी असते. तिच्याखाली तपकिरी रंगाची एक गावठी कुत्री निजते. कन्नडात अशा कुत्र्याला 'कंत्री नायि' म्हणतात; 'कंट्री' या इंग्रजी शब्दाची ही म्हैसुरी सून. तिचे वय तीन-चार वर्षांचे असावे. एका कानाच्या टोकाला खाच आहे, म्हणजे तिची शस्त्रक्रिया झालेली आहे. शाळा सुटते तेव्हा शेदीडशे मुले गाडीवरून ओरडत जातात. ती एक डोळा उघडते आणि मिटते. पिल्लाच्या बाबतीत आपण अंदाज करतो, पण वाढलेल्या कुत्र्याचा स्वभाव समोर मांडलेला असतो. आता गावठी म्हणून प्रत्येक कुत्रा भला असतो असे नाही. रस्त्यावर लाथा खाल्लेला कुत्रा उचललेल्या हातालाच भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. हिच्या वाट्याला मात्र त्या इस्त्रीवाल्यामुळे रोजचा भात आणि बरे शब्द आलेले आहेत. तो पुढच्या महिन्यात गाडी बंद करून गावी जाणार आहे. "घेता का?" असे त्याने मला विचारले.

हे मी मुलाच्या कानावर घातले आणि उत्तराची अपेक्षा ठेवली नाही. कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. नात सतरा-अठरा वर्षांची होऊन कोठल्या तरी वसतिगृहात असेल तेव्हा म्हाताऱ्या कुत्रीला पायरी चढविणारे हात कोणाचे असतील, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय धाकटा तीन वर्षांचा आहे. मुलाचा नकार भित्रेपणाचा नाही. तो माझ्यापेक्षा अधिक विचार केलेला आहे.

परंतु गेले दोन आठवडे तो कचेरीतून परतताना कोपऱ्यावर रेंगाळतो, असे माझ्या पाहण्यात आले. परवा मीही मागून जाऊन उभा राहिलो. तो गाडीशेजारच्या दगडावर बसला होता. कुत्री बन खात होती. त्याने हळूच, मूठ मिटून, हात थोडा पुढे केला. कुत्री खायची थांबली, तिने मान न उचलता घशातल्या घशात एकदा गुरगुर केली. त्याने हात मागे घेतला, दगडावर एक वीत मागे सरकला. कुत्री पुन्हा खाऊ लागली. बन संपल्यावर ती उठून आली, त्याचा बूट हुंगला आणि पाठ त्याच्याकडे करून बसली.

मी मागे आहे हे त्याला कळले होते. वळून न पाहता तो म्हणाला, "अण्णा, ही आधी सांगते."

मग त्याने पशुवैद्याच्या दवाखान्याची वेळ विचारली.