मुलगी कॉलेजात जाते, म्हणजे काय करते?

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला वक्त्याने मंडळाची स्तुती करावी अशी रीत आहे. ती स्तुती चिटणीसबाईंनी अहवालात केलीच आहे, आणि ती खरीही आहे. म्हणून मी आज निराळाच विषय मागून घेतला. विषय आहे आपल्या बीड जिल्ह्यातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा.

“पोरगी कॉलेजात जाते” असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण तिथे जाऊन ती दिवसभर काय करते, असे कोणी विचारले तर आपली बहुतेकींची गाडी अडते. शाळेचे तसे नव्हते. शाळेत आपण स्वतः बसलो होतो. कॉलेजचा उंबरा ओलांडायला मात्र पुष्कळजणींना मिळाले नाही. तेव्हा आज त्या उंबऱ्याच्या आत थोडे डोकावू या. त्यातही वर्षाचा दुसरा भाग, म्हणजे संक्रांतीपासून वैशाखापर्यंतचे दिवस पाहू. त्याला कॉलेजात दुसरे सत्र म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचे शिक्षण टिकते की सुटते, ते याच दिवसांत ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्याने थोडे मागचे सांगते. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्याआधी निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथे शिकवणे उर्दूतून. बीडची किती मुले तिथवर पोहोचणार, आणि मुली तर किती! 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. 1994 मध्ये त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. बीडमध्ये 1960 साली बलभीम महाविद्यालय निघाले. आज जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि तालुक्याच्या गावी कॉलेज आहे. म्हणजे आजीला जे हैदराबादेला होते, ते नातीला एस.टी.च्या अंतरावर आले. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता त्या नातीचा दिवस पाहा. पाटोदा किंवा शिरूर तालुक्यातले बालाघाटच्या डोंगरातले एखादे खेडे धरा. पहाटे पाचला मुलगी उठते. हापशावरून दोन घागरी आणते, सडासारवण करते, भाकरी थापते. डब्यात भाकरी, ठेचा, नाहीतर शेंगदाण्याची चटणी. रात्री गावात आलेली मुक्कामी गाडी सकाळी सुटते. ती चुकली की त्या दिवसाचे कॉलेज चुकले. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट होता. पदवीच्या वर्गात गेली की भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. रक्कम मोठी नसते. पण महिन्याच्या महिन्याला ती बापापुढे मागावी लागते, आणि मागताना मुलीची मान खाली जाते, हे आपण आयांनी ओळखले पाहिजे.

कॉलेजात सकाळचे तास होतात. विज्ञानाच्या मुलीला त्यानंतर प्रयोगशाळा, कलेच्या मुलीला ग्रंथालय. पूर्वी वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा होती, वर्षभर हिंडा आणि शेवटी घोका. आता दर सहा महिन्यांनी परीक्षा असते. शिवाय मधल्या चाचण्या, प्रकल्प, वर्गापुढे उभे राहून विषय मांडणे, यांचेही गुण धरतात. हजेरी शेकडा 75 लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला तहसिलातून काढायचा. “कॉलेजात काय, दोन तास बसायचे नि गप्पा हाणायच्या” असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस तिच्याबरोबर हिंडून पाहावे!

आणि गप्पा असतातच हो! संक्रांत सरली की स्नेहसंमेलन येते. नाटक बसते, रांगोळ्या निघतात, घरात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी तिथे वादविवादात बोलते. याच सुमारास राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर असते. ही योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. त्यात मुले-मुली एखाद्या खेड्यात राहून बांध घालतात, गटारे साफ करतात, घरोघर जाऊन माहिती घेतात. “सात रात्री मुलगी बाहेर ठेवायची?” असे आपण विचारतो. बरोबर शिक्षिका असतात, हे आधी विचारून घ्यावे, आणि खुशाल पाठवावे. दुसऱ्याच्या गावचा रस्ता झाडून आलेली मुलगी स्वतःच्या गावाकडे निराळ्या नजरेने पाहू लागते.

पण, भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात हेच दिवस सगळ्यांत ओढाताणीचे. माघ-फाल्गुनात शाळूची काढणी आणि मोडणी येते. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग कॉलेजची मुलगी रानात जाते. दुसरी गोष्ट कोयत्याची. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे परततात ती पट्टा पडल्यावर, चैत्राच्या आगेमागे. मुकादमाची उचल फिटेपर्यंत आई-बाप फडात. घरी म्हातारी, धाकटी भावंडे, जनावरे आणि ही कॉलेजची पोर. आईवाचून ती घर चालवते आणि अर्थशास्त्राचा पेपरही देते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासनाने 2021 मध्ये 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी, दुसऱ्याने येऊन सांगेपर्यंत थांबू नये.

तिसरी गोष्ट लग्नाची. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि उन्हाळा म्हणजेच परीक्षा! एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, गावात टँकरची वाट पाहणे, आणि अशात घरी पाहुणे “मुलगी बघायला” येतात. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या बायकांत शेकडा 43 हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शंभरात त्रेचाळीस! कॉलेजच्या वर्गात जी मुलगी बसली आहे, ती या संख्येतून निसटून तिथवर आलेली आहे. तिला पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी बोहल्यावर उभी करणे म्हणजे काठावर आलेल्याला पुन्हा लोटण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, “बाई, शिकून नोकरी कुठे मिळते?” प्रश्न खोटा नाही. पदवी झालेली मुले-मुली आपल्या गावात रिकामी बसलेली मी पाहते. पण कॉलेजातली मुलगी आता नुसती पदवीवर विसंबून नाही. पहाटे मैदानावर जाऊन पाहा, पोलीस भरतीसाठी आठशे मीटर धावणाऱ्या आणि गोळा फेकणाऱ्या मुली दिसतील. दुपारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेल्या दिसतील. साऱ्यांना नोकरी लागणार नाही. पण बँकेतला कागद वाचून सही करणारी, दवाखान्यात डॉक्टरांना प्रश्न विचारणारी, सातबारावर आपले नाव आहे की नाही ते पाहणारी बाई घरात असली, तर ते घर सहजी फसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक सोय केली आहे, ती आयांना ठाऊक असावी. एक वर्ष पुरे करून ठरलेला जादा अभ्यास केला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक सरकारी श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत उपयोगी पडतात. म्हणजे काही कारणाने शिक्षण थांबले, तर सुनेलाही पुन्हा सुरुवात करता येते. सासवांनो, हे तुमच्यासाठी! मात्र “प्रमाणपत्र मिळते ना, मग एका वर्षात पुरे” असा अर्थ कोणी काढू नये. पडलेल्याला पुन्हा चढता यावे म्हणून शिडी आहे, चढणाऱ्याला उतरवण्यासाठी नाही.

आता आपल्या मंडळाने काय करावे? मला चार साध्या गोष्टी सुचतात. पैका फारसा लागत नाही.

पहिली, मार्च ते मे आपल्या मंडळाची खोली दुपारी दोन ते सहा अभ्यासासाठी उघडी ठेवावी. भिशी आणि भजन त्या तीन महिन्यांत सकाळी घ्यावे. पंखा आहे, माठ आहे, आणखी काय हवे? दुसरी, आपल्या गल्लीत खेड्यातल्या मुली खोली करून राहतात. ज्यांचे आईबाप फडावर आहेत अशा एकेका मुलीकडे एकेकीने लक्ष द्यावे. रोजचे जेवण नको, पण आठवड्यातून एकदा वाटीभर कालवण आणि “बरी आहेस ना, बाई?” एवढे पुरे. तिसरी, लग्नकार्यात गव्हले, पापड, रुखवत यांसाठी परीक्षेच्या मुलीला बोलावू नये. तिच्याऐवजी आपण दोघी जाऊ. चौथी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड आहे. कॉलेजची मुलगी भेटली की “लग्न कधी?” असे न विचारता “सध्या काय वाचतेस?” असे विचारावे.

बलभीम महाविद्यालय निघाले त्या काळी या गावच्या आयांनी लोकांची बोलणी खाऊन मुली कॉलेजात धाडल्या असतील. आपल्याला आज बोलणी खावी लागत नाहीत. आपल्याला फक्त चार महिने थोडे सांभाळून घ्यायचे आहे. पुढल्या वर्धापनदिनी अहवालात पापडांच्या हिशेबाबरोबर आणखी एक ओळ यावी, की आपल्या गल्लीतल्या इतक्या मुली दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसल्या आणि एकीचेही शिक्षण सुटले नाही.