शेवटची सही कोणाची?



आपण जमलो आहोत तो तोक्योचा एदोगावा विभाग. इथल्या निशी-कासाईत आपली बरीच भारतीय कुटुंबे राहतात. विभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या पूरनकाशावर तर इथल्या प्रशासनाने रहिवाशांना ‘इथे थांबू नका’ असेच बजावले होते. पाहुण्यांना आल्याआल्या हे ऐकवणे आपल्या रीतीत बसत नाही, पण आपल्या परिषदेच्या, म्हणजे आपत्तीतल्या निर्णयांच्या, विषयात बसते.

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जण मियागी प्रांतातल्या ओनागावात राबले. दलाची ती पहिलीच परदेशी मोहीम. ढिगारा समोर असला की काय करायचे ते दिसते. त्याच त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात घडवलेल्या दुर्घटनेत तसे नव्हते. जपान सरकारने अणुप्रकल्पाभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करवला. आठवडा उलटायच्या आत अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितले. चौथ्या अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनाच्या टाकीत पाणी उरले नाही, असा अमेरिकी अणुनियामकांचा समज होता. पाणी होते, हे मागाहून कळले. तोवर लोकांपुढे एकाच धोक्याचे दोन आकडे होते.

२२ मार्चपासून पंतप्रधानांचे विशेष सल्लागार गोशी होसोनो यांच्या पुढाकाराने जपानी मंत्रालये, स्वसंरक्षण दल, प्रकल्प चालवणारी तेप्को कंपनी आणि अमेरिकी अधिकारी एका टेबलाशी नियमित बसू लागले. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा आणि उत्तराची जबाबदारी कोणाची, हे तिथे ठरू लागले. माझ्या मते हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आपण हल्ली हवी तेवढी साधने विकत घेतो. अधिकार कोणाचा, हे विचारायला मात्र संकोचतो. समित्या नेमण्यात आपण मराठी माणसे पटाईत, पण शेवटची सही कोणाची, हा विषय सभेनंतरच्या चहासाठी राखून ठेवतो!

आपल्यापैकी अनेकांचे गट पुणे, तोक्यो आणि आणखी तिसऱ्याच शहरात विखुरलेले आहेत. इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच. म्हणून स्वागत समितीची एकच विनंती: दुपारच्या सरावात प्रत्येक गटाने आराखड्याच्या पहिल्या पानावर निर्णय घेणाऱ्याचे नाव लिहावे, आणि त्याचा फोन लागला नाही तर कोण, हेही लिहावे.