जत्रेची वाट आणि मजुरीचा हिशेब



चैत्र-वैशाख हा जसा व्याख्यानांचा हंगाम, तसाच जत्रांचा आणि तमाशाचाही. फडातली ढोलकी आपण पुष्कळांनी ऐकली असेल. आज मला त्या ढोलकीवाल्याच्या प्रवासाविषयी बोलायचे आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, बिदागी ठरते, सुपारी दिली जाते. जत्रेची तिथी ग्रामदैवताची. ती कुणाच्या सोयीसाठी हलत नाही. म्हणून आज या तालुक्यात, तर उद्या दुसऱ्याच जिल्ह्यात, असा फडाचा कार्यक्रम पडतो.

आता एका दिवसाचा हिशेब मांडू. रात्री गण, गवळण, बतावणी आणि मग वग. खेळ पुष्कळदा तांबडे फुटेपर्यंत चालतो. काही गावी दिवसा पुन्हा हजेरी. मग सामान ट्रकमध्ये चढवायचे आणि त्याच सामानावर अंग टाकायचे. ढोलकी मात्र फडक्यात गुंडाळून उशाशी. कारण दमट हवेने तिचे कातडे उतरते, उन्हाने चढते, आणि सूर बिघडला तर दोष वादकाचा. संध्याकाळी नवे गाव. पाणी कुठे, आंघोळ कुठे, हे विचारीपर्यंत दिवे लागतात आणि त्याच बोटांनी पुन्हा थाप द्यायची असते.

यातले काम कोणते? लोक म्हणतात, रात्रीचे वादन. मी म्हणतो, सारेच. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. कामगार मालकाच्या दिमतीस असतो तो वेळ म्हणजे कामाचे तास, अशी त्यात व्याख्या होती. २०२० च्या संहितेत तो कायदा सामावला गेला. गाडी हाकणाऱ्याचे रस्त्यावरचे तास तेव्हाच कामात धरले गेले. मग तशाच गाडीत मागे बसलेल्या ढोलकीवाल्याचे का धरू नयेत? हंगामापूर्वी घरखर्चासाठी त्याने उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तो फडाच्या दिमतीस नाही, असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, मग फडमालकाला धरा. सबूर! फडमालक म्हणजे गिरणीमालक नव्हे. विठाबाई नारायणगावकर स्वतःचा फड चालवीत आणि पायांत चाळ बांधून स्वतःच बोर्डावर उभ्या राहत. पुष्कळ मालक कर्ज काढून हंगाम उभा करतात. २०२० साली करोनामुळे जत्रा बंद पडल्या, तेव्हा मालक आणि वादक एकदमच रिकामे झाले. या हिशेबात तिसरा पक्ष आहे, तो सुपारी देणाऱ्या गावाचा. त्या गावाला आपण शहरातून वर्गणी पाठवतो.

बिदागीत घासाघीस झाली की मालक आणखी तारखा घेतो, आणि तूट भरून निघते ती ढोलकीवाल्याच्या झोपेतून. म्हणून वर्गणी देताना पंचांना सांगा, सुपारीच्या कागदावर रकमेखाली एवढे लिहा: उतरायला छप्पर, आंघोळीला पाणी, वेळेवर जेवण आणि खेळानंतर निजायला सवड.

आठ तासांचा दिवस गिरणी कामगाराला कोणी आंदण दिला नाही. आधी त्याचे तास मोजावे लागले. ढोलकीवाल्याचे तास यंदाच्या जत्रेपासून मोजू लागा, एवढे सांगून रजा घेतो.