गोंधळ्यांचं पथक



आपल्या नांदेड जिल्ह्यात माहूरची रेणुकामाता…
लातूरच्या शेजारी तुळजापूरची भवानी…
म्हणूनच या मुलखात लग्नानंतर घरोघरी देवीचा गोंधळ घातला जातो.

आज ओळख करून घेऊ,
त्या गोंधळ्यांच्या पथकाची.

पुढे उभा असतो, तो नाईक.
गळ्यात कवड्यांची माळ.
तो देवीला आवतण देतो,
गाणं म्हणतो,
कथा रंगवतो.

शेजारी संबळवाला.
कमरेला दोन लहान वाद्यांची जोडी.
हातात दोन काठ्या.
एका काठीचं टोक गोल वळवलेलं.
ठेका धरला, की अंगण जागं होतं!

तिसरा तुणतुणेवाला.
त्याच्या वाद्याला तार एकच.
पण तीच सगळ्यांना सुरात ठेवते.

सोबत झांज,
आणि पेटती दिवटी.

नाईक एक ओळ म्हणतो,
साथीदार ती झेलतात.


श्रोतेहो, परभणीच्या राजारामभाऊ कदम यांनी
ही कला मोठ्या रंगमंचावर नेली.
पण तिचं खरं घर आपलं अंगण.

पुढच्या गोंधळाला शेवटपर्यंत बसा.
नाईकाला ऐका.
आणि साथीदारांनाही ऐका.
कारण गोंधळ एकट्याचा नसतो,
गोंधळ साऱ्या पथकाचा असतो.